सरकवलेला ठिपका

ऑफिसात त्यांना ठिपकेबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा शिपायाने फोनवर कुणाला तरी "ठिपकेबाई जागेवर नाहीत" असं ठणकावून सांगितलं आणि मागे वळून पाहतो तो बाई दारात उभ्या. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला, "आहेत, आहेत, बोला," म्हणाल्या आणि काम उरकलं. तेव्हापासून लपवाछपवीच्या फंदात कुणी पडलं नाही.

नाव पडलं ते कामावरून. डोंगरात कुठल्या गुहेत, कुठल्या कपारीत, कुठल्या पोकळ झाडात वटवाघळं राहतात ते शोधायचं आणि नकाशावर एकेका जागेला एकेक ठिपका द्यायचा, हे बाईंचं काम. त्या डोंगरात वटवाघळांच्या इतक्या जाती होत्या, की काहींना अजून धड नावंसुद्धा मिळाली नव्हती. आणि त्याच डोंगरात रस्ते, खाणी, विजेचे मनोरे यांची रीघ लागली होती. कुणी खोदायला यायच्या आत तिथे कोण राहतं हे कागदावर असावं, एवढाच या खटाटोपाचा हेतू. हेतू उत्तम. पण त्यासाठी माणसं किती, तर एक साहेब, एक शिपाई आणि बाई.

तशी हुशार पोरंपोरी यायची. पाठीवर मोठाल्या पिशव्या टाकून वर्ष-दोन वर्षं डोंगर तुडवायची, प्रबंध लिहायची आणि निघून जायची. मागचं निस्तरायला बाई. झाडांना बांधलेल्या आवाज टिपणाऱ्या पेट्या सोडवून आणायच्या, त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, माणसाच्या कानाला ऐकू न येणारे ते आवाज संगणकावर सावकाश करून ऐकायचे, आणि हा या जातीचा, हा त्या जातीचा, हा नुसता रातकिडा, असं धान्य निवडल्यासारखं निवडत बसायचं. बाईंचे डोळे गेले त्यात थोडे, आणि गुडघे गेले पेट्या सोडवण्यात.

घरी नवरा शिंपी होता. बाहेरच्या खोलीतच त्याचं मशीन. गिऱ्हाइकांनी विचारलं, की "ती सरकारी नकाशे काढते" एवढं सांगून तो थांबायचा. वटवाघळांचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात आणि मग माप नीट घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. माणूस भला. बायको घरी आली की तिची चप्पल दारात कशी पडते त्यावरून तो चहा कडक करायचा की साधा ते ठरवायचा. अलीकडे रोज कडकच करावा लागे.

बाई दमल्या होत्या. हे दमणं एका दिवसाचं नव्हतं आणि एका रात्रीच्या झोपेने जाणारंही नव्हतं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, आणि त्यानंतर काय करणार असं कुणी विचारलं तर त्या सरळ सांगत, "झोपणार." लोकांना विनोद वाटायचा.

आता ठिपका सरकवण्याचं प्रकरण. ते समजल्याशिवाय पुढचं काहीच समजायचं नाही, म्हणून आधी तेच सांगितलेलं बरं.

फार वर्षांपूर्वी बाईंनी पहिला मोठा नकाशा काढला तेव्हा प्रत्येक ठिपका जिथल्या तिथे दिला होता. एका तसूचाही फरक नाही. बाईंना त्याचा केवढा अभिमान! नकाशा छापला, लोकांसाठी खुला केला, आणि काही महिन्यांतच त्यातल्या सगळ्यांत मोठ्या गुहेला पाहुणे सुरू झाले. कुणी बॅटऱ्या घेऊन आले, कुणी कॅमेरे घेऊन आले. एका टोळक्याने तर फोटोत धूर छान दिसतो म्हणून गुहेच्या तोंडाशी जाळ केला. बाई पोचल्या तेव्हा छत रिकामं होतं. खाली जुन्या लेंड्यांचा थर आणि वर बाटल्या. तिथे त्या रडल्या नाहीत. घरी येऊन भांडी घासताना रडल्या.

त्यानंतर साहेबांनी आणि त्यांनी मिळून नियम केला. खरी जागा ऑफिसच्या कुलुपात. लोकांसाठीच्या नकाशात ठिपका थोडा सरकवायचा, कुठल्या बाजूला आणि किती ते संगणकच ठरवणार. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ घालायची: ठिकाणे अंदाजे दाखवली आहेत. साहेब म्हणायचे, "खोटं नव्हे बाई, सरकवलेलं." बाईंना ते कधीच आवडलं नाही. बटण दाबताना दर वेळी त्यांचं तोंड कडू व्हायचं.

"अगं, त्यात काय," नवरा म्हणाला होता. "मी नाही का पोटाचं माप दोन बोटं जास्त धरत? गिऱ्हाइकाला सांगतो का मी? विजार बसल्याशी कारण."

नियम चालला. गुहा वाचल्या. वर्षं गेली.

त्या वर्षांत बाईंना सापडलेली सगळ्यांत मोलाची जागा खरं तर त्यांना सापडलेली नव्हतीच. ती दाखवली शेळ्यावाल्या मावशीने. मावशी वरच्या उतारावर एकटीच राहायची. तिच्याकडे फोन नव्हता. शेळ्या होत्या, आणि बोलायला माणूस मिळालं की सोडायचं नाही अशी खोड होती. बाई पेट्या सोडवत हिंडताना तिला दोन-चारदा दिसल्या, तेव्हा एक दिवस तिने वरूनच हाक मारली, "काय हरवलंय गं तुझं?"

"वटवाघळं शोधतेय, मावशी."

"मग झाडावर कशाला बघतेस खुळ्यासारखी? ये इकडे."

वेलींच्या पडद्याआड एक चीर होती. माणूस आडवं होऊन कसंबसं शिरेल एवढी. आत बाईंनी लाल कागद लावलेली बॅटरी क्षणभर छताकडे केली आणि लगेच विझवली. सगळं छत हलत होतं. सगळ्या माद्या, आणि प्रत्येकीच्या पोटाशी बिलगलेलं एक पिल्लू. बाई मागच्या पावली बाहेर आल्या.

"मी इथे लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय," मावशी म्हणाली. "दर वर्षी याच दिवसांत येतात. पण कुणाला सांगायचं नाही. आधी तोंडातून 'नाही' काढ, मग खाली जा."

"नाही सांगणार."

"त्यांचं बाळंतपण आहे. तिथे माणसांचं काय काम?"

या जागेचा ठिपका संगणकाने सरकवला तो थेट पलीकडच्या बोडक्या टेकडीवर, फोनच्या टॉवरपाशी. बाईंना तेव्हा हसू आलं होतं.

आणि यंदा रस्त्याचा आराखडा आला.

रस्ता रुंद करायचा होता, वळणं काढायची होती, डोंगराचा कडा सुरुंग लावून फोडायचा होता. आराखडा ऑफिसात माहितीसाठी आला, शिपायाने तो बाईंच्या टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. बाईंनी चष्मा पुसला. आराखड्यावर हिरवी वर्तुळं होती. वटवाघळांच्या प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ, आणि वर्तुळाच्या आत खोदकामाला बंदी. काम कसं नीट केलं होतं! एक वर्तुळ टॉवरच्या टेकडीभोवतीही होतं. तिथे एक वटवाघूळ शपथेला नव्हतं. बाकीच्या खऱ्या जागा रस्त्यापासून लांबच होत्या. पण मावशीची गुहा जिथे होती, तिथून रस्त्याची रेघ जात होती आणि त्या रेघेवर सुरुंगाच्या बारीक फुल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा लावला. शिपायाने विचारलं, "बरं नाही का?" त्यांनी कप उचलायला सांगितले.

मग त्यांनी रस्त्याच्या इंजिनिअरला फोन लावला. ठिपके सरकवलेले आहेत, वर्तुळं चुकीच्या जागी पडलीत, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

"तुमचाच नकाशा आहे, बाई," पलीकडून थकलेला आवाज आला.

"खाली ओळ आहे. ठिकाणं अंदाजे आहेत म्हणून."

"कुठली ओळ?"

कागदांची सळसळ झाली. मग इंजिनिअर म्हणाला, "आमच्या तावावर बसत नव्हता म्हणून कडा कापल्या होत्या." थोडा थांबून तो म्हणाला, "तुम्ही लेखी द्या."

तोंडी काही नको, लेखी द्या. पण लेखी द्यायचं म्हणजे हरकत नोंदवायची, हरकतीवर जाहीर सुनावणी, आणि हरकत मान्य झाली की जागा आराखड्यावर, आराखडा कचेरीच्या भिंतीवर. साहेबांनी डोकं धरलं. "नियमच आहे तो. जे लेखी दिलं ते भिंतीवर लागतं. मग पुन्हा जाळ, पुन्हा बाटल्या." साहेबांचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त त्यांच्या अंगी धडाडी अशी नव्हती. "बघा बाई, तुम्हाला सुचेल तसं करा," म्हणून त्यांनी हात झटकले.

बाई आधी वर गेल्या. कड्यावर लाल रंगाच्या खुणा होत्या. एक तर वेलींच्या पडद्याच्या अगदी शेजारी. मावशी खुणेखालच्या दगडावर बसली होती.

"मीच सांगितलं गं त्यांना," ती म्हणाली. "रंगवाली पोरं आली होती. म्हटलं, बाबांनो, इथे नका करू काही, आत बाळंतिणी आहेत. त्यांनी मोबाईल काढला आणि मला नकाशा दाखवला. म्हणाले, मावशी, तुमची वटवाघळं त्या तिकडे टॉवरवर असतात, नकाशात लिहिलंय. हसत होते. मला म्हणाले, वय झालं."

बाई तिच्याशेजारी टेकल्या. "तो नकाशा माझाच आहे, मावशी."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडेल असं बाईंना वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग नीट कर," मावशी म्हणाली.

बाईंनी हरकत दिली. जागा लिहिली नाही. एका ठिपक्याची जागा प्रत्यक्षात वेगळी आहे, ती फक्त इंजिनिअरला समक्ष दाखवता येईल, एवढंच लिहिलं. असली हरकत त्या कचेरीत कुणी पाहिली नव्हती.

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. समितीच्या अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे तुम्ही सरकारी नकाशात जाणूनबुजून चुकीची जागा दाखवलीत?"

"सरकवलेली, साहेब."

खोलीत हशा पिकला. रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं तर मांडीवर थापा मारत होती. बाईंचे कान तापले.

"आणि खरी जागा सांगणार नाही?"

"इथे नाही."

"अहो, आधी एक जागा सांगितलीत, आता म्हणता ती नव्हे. उद्या तिसरी सांगाल. आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?" अध्यक्ष रागावले नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "सगळी समिती नेऊन दाखवता का?"

"आत्ता पिल्लं उडत नाहीत. माणसं आत शिरली की आया घाबरून उडतात आणि पिल्लं खाली पडतात. पडलेलं पिल्लू पुन्हा वर जात नाही."

कुणी हसलं नाही, पण कुणाला फारसं पटलंही नाही. तेवढ्यात मागून इंजिनिअर म्हणाला, "मी एकटा जाऊन बघतो." अध्यक्षांनी मान डोलावली. "जा. आणि बाई, पुढच्या सुनावणीला मला लेखी पाहिजे. तुमचं कोणतं खरं, नकाशातली जागा की अर्जातली, ते."

इंजिनिअर संध्याकाळी आला. वयाने बाईंपेक्षा थोडा लहान, पण चालणं तसंच, पाय ओढत. चढताना दोघंही बोलले नाहीत, कारण दोघांनाही दम लागला होता. बाईंनी त्याला चिरेपासून लांब, एका दगडाआड बसवलं. "आत जायचं नाही. इथूनच दिसेल. बॅटरी लावू नका." त्याने मान हलवली, दगडाला पाठ टेकली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला.

बाईंनी त्याला उठवलं नाही. त्यांना त्याचा रागही आला नाही, हेवा मात्र वाटला. ऊन कड्यावरून वर सरकत गेलं. खाली मावशीच्या शेळ्या घराकडे वळल्या. मग वेलींच्या आडून एक बाहेर आलं, मग दोन-तीन, आणि मग सगळा पडदाच हलायला लागला. बाईंनी इंजिनिअरच्या खांद्याला हात लावला. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या डोक्यावरून वटवाघळांचा लोंढा वाहत होता. पंखांचा वारा तोंडाला लागत होता. कानाला न ऐकू येणारे आवाज तिथल्या तिथे ऐकवणारी एक छोटी पेटी बाईंनी पिशवीतून काढून त्याच्या कानाशी धरली. टकटक, टकटक, मग एकदम घाईघाईने टकटकटक.

"उजव्या कानाला धरू नका," तो म्हणाला. "तो सुरुंगांनी गेलाय. त्यात नुसती शिट्टी वाजते."

बाईंनी पेटी डाव्या कानाला धरली. तो ऐकत राहिला. लोंढा संपला, एखाददुसरं मागे राहिलेलं निघालं, तरी तो ऐकत होता.

"आत काय उरलं?"

"पिल्लं. एकमेकांना चिकटून बसलीत. आया थोड्या वेळाने परत येतील पाजायला. एवढ्या गर्दीत आपलं कुठलं ते आवाजावरून ओळखतात."

तो उठला. उतरताना अर्ध्या वाटेवर थांबला आणि पाण्याची बाटली बाईंपुढे केली.

"तुमची हरकत मान्य झाली, तर जागा भिंतीवर लागणार. नामंजूर झाली, तर रस्ता इथून जाणार. बरोबर?"

"हो."

"मी रस्ता खालून नेतो. इथला दगड ठिसूळ आहे असं लिहितो. तसा थोडा आहेच, कुठला दगड नसतो? पण तुमची हरकत उभी असताना मी रेघ हलवली, तर सगळे म्हणणार हरकतीमुळे हलली. मग ठेकेदाराचीच माणसं शोधत येतील, काय आहे तिथे म्हणून. तेव्हा आधी हरकत गेली पाहिजे."

"म्हणजे मी मागे घ्यायची."

"आणि अध्यक्षांना उत्तर द्यायचं. छापलेला नकाशा बरोबर आहे, दुसऱ्या जागेबद्दल माझा गोंधळ झाला, तिथे काही नाही, असं. आणि हे कुणाला बोलायचं नाही, माझी नोकरी जाईल."

बाई वाटेवरच्या दगडावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा एकही ताव चूक निघाली म्हणून परत आला नव्हता. बढती नव्हती, बक्षीस नव्हतं, पण तेवढं होतं. निवृत्तीच्या तोंडावर आता आपल्याच हाताने लिहून द्यायचं, की बाईंचा गोंधळ झाला.

"तुम्ही का करताय हे?" त्यांनी विचारलं.

"मला आणखी सुनावण्या नकोत, बाई. दमलोय मी."

बाईंना ते कारण लगेच पटलं.

कागद त्यांनी घरी, नवऱ्याच्या कापायच्या टेबलावर बसून लिहिला. नवऱ्याने चिंध्या बाजूला सारून जागा करून दिली आणि शाई वाळल्यावर कागद वाचला. 'सदर ठिकाणी वटवाघळांचा अधिवास नाही.' त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"हे तुझ्या हातचं वाटत नाही."

"नाहीच आहे," बाई म्हणाल्या आणि का ते सांगितलं. त्याने कागदाची नीट घडी घातली. साहेबांनी नियमाप्रमाणे एक पत्र दिलं, की अशा गोंधळाबद्दल आपणांस समज देण्यात येत आहे. देताना त्यांनी मान वर केली नाही.

मावशीला मात्र सांगायला हवं होतं. तिच्यापासून लपवायचं काही कारण नव्हतं, ती कुणाला बोलणारी नव्हती. सुनावणीच्या आधी एक रविवार होता. रविवारी सकाळी वर जायचं, मावशीला सगळं समजावून सांगायचं, असं बाईंनी ठरवलं. गजर लावला. गजर वाजला, नवरा चहा घेऊन आला, म्हणाला, "जायचंय ना तुला?"

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. चहा केव्हाच गार झाला होता आणि नवऱ्याने त्यावर बशी झाकून ठेवली होती. "किती दिवसांनी अशी झोपली होतीस," तो म्हणाला. "माझ्याच्याने उठववलं नाही गं." बाई त्याच्यावर चिडल्या, स्वतःवर चिडल्या, पायात चपला घातल्या आणि काढल्या. वर पोचेपर्यंत अंधार झाला असता. गुडघा ठणकत होता. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. सुनावणीला तिथून कोण येतंय? पुढच्या रविवारी जाऊ, सगळं पार पडलेलं असेल, निवांत सांगता येईल.

सुनावणीच्या दिवशी बाई खोलीत शिरल्या आणि शेवटच्या रांगेत मावशी बसलेली. धुतलेले कपडे, केस चापून बसवलेले, पायांवर वाटेची धूळ. पहाटेच निघाली असणार. कड्याखाली लावलेली नोटीस तिने कुणाकडून तरी वाचून घेतली होती: ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी हजर राहावे. मावशीला सांगायचं होतं. बाईंना पाहून ती हसली आणि शेजारची खुर्ची हाताने झटकली.

बाई तिच्यापर्यंत पोचायच्या आत अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं. पुढच्या खुर्चीवर जावं लागलं. इंजिनिअर खिडकीपाशी होता, बाहेर बघत. मला तिथे काही दिसलं नाही, असं त्याने आधीच लेखी दिलं होतं.

अध्यक्षांनी कागद मोठ्याने वाचला. छापलेला नकाशा बरोबर. माझा गोंधळ झाला. सदर ठिकाणी काही नाही. हरकत मागे घेत आहे. ठेकेदाराच्या माणसांनी एकमेकांना कोपरं मारली. त्यांच्यात ती रंगवाली पोरंही होती.

"नाही, नाही!" मागून आवाज आला. मावशी उभी होती. "साहेब, आमच्या कड्यात आहेत. मी रोज बघते. हिला भीती घातली असेल कुणी, म्हणून असं लिहिलं. हिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. विचारा तिला."

"आजी, खाली बसा."

"बसते. पण आधी विचारा."

अध्यक्ष भला माणूस होता, हीच पंचाईत झाली. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, या आजी म्हणतात तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगा. तिथे वटवाघळं आहेत का?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या तर जमलं नसतं. छताला चिकटलेली पिल्लं त्यांनी डोळ्यांसमोर आणली आणि तिथेच धरून ठेवली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"या आजी म्हणतात ते?"

"त्यांची काहीतरी गल्लत होतेय."

रंगवाल्या पोरांपैकी एक जण हलक्या आवाजात म्हणाला, "सांगितलं होतं ना, वय झालंय." तेवढं सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मावशी उभीच होती. मग तिने खुर्चीवरचं गाठोडं उचललं आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेली. हरकत निकालात निघाली, पुढच्या विषयात ठिसूळ दगडाचा अहवाल आला आणि कुणी चकार शब्द न काढता रस्त्याची रेघ खाली सरकली. बाई सही करून धावतच निघाल्या. गुडघ्याने जेवढं धावू दिलं तेवढं.

मावशी बसच्या थांब्यावर बाकाच्या टोकाला बसली होती. बाई शेजारी बसल्या. आधी श्वास घेतला, मग आजूबाजूला पाहून हळूच सगळं सांगितलं. रस्ता खालून जाणार. सुरुंग नाही. कुणी येणार नाही, कारण तिथे काही नाही असंच आता सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशीने ऐकून घेतलं. "पिल्लं?"

"सुखरूप आहेत."

"बरं झालं," मावशी म्हणाली. तिचे खांदे जरा सैल झाले. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. मग ती म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस? मी आले नसते. गप्प बसले असते घरी."

"रविवारी येणार होते, मावशी. निघणारच होते. झोप लागली."

दुसरं कुठलंही कारण सांगता आलं असतं, पण आज आणखी एक खोटं त्यांना झेपलं नसतं. मावशीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं. रागावली नाही.

"दमलेली दिसतेस खरी," ती म्हणाली.

बस येताना दिसली. मावशी गाठोडं घेऊन उठली.

"त्या पोरांसमोर खोटी पडले गं मी. त्याचं जाऊ दे. पण उद्या कुणी सापडलंच त्या वाटेला, आणि मी खाली येऊन ओरडले, तर ऐकणार कोण माझं?"

"मी ऐकेन, मावशी."

"तू तर आत्ताच नाही म्हणालीस," मावशी म्हणाली आणि बसमध्ये चढली.